खारीचा डबा

दहावी ब च्या टेबलावर खारीचा एक पत्र्याचा डबा असतो
आणि त्या डब्याची मॉनिटर मी,
कारण माझ्याकडे मोबाइल नाही.
हुडगे सर म्हणाले, जिला भूक नाही तिच्याच हाती वाढप द्यावं.
भूक नाही, असं मी कधी म्हटलं होतं?

पावणेअकराला, प्रार्थनेच्या आधी,
एकेक जण येतो, आपला आत निजवून जातो.
मला आता सगळ्यांची वजनं पाठ झालीत.
मन्मथचा तडा गेलेला, काचेला खोबरेल तेलाचा वास.
शिवलीलाचा, म्हणजे तिच्या आईचा,
कव्हरात एसटीचं तिकीट आणि वाळलेलं बेलाचं पान.
नाझिमाचा बटणांचा.
त्याला हसायचं नाही, हे वर्गात न ठरवता ठरलंय.
ओमप्रकाश बिरादार आणतो दोन, देतो एक,
देतो तो वर्षापूर्वीच मेलेला.
हे सरांना सोडून अख्ख्या उदगीरला माहीत आहे.

मागच्या शनिवारी निबंध होता: मोबाइल, शाप की वरदान?
सगळ्यांनी शाप लिहिलं.
डोळे बिघडतात, झोप बिघडते, संस्कार बिघडतात,
ओळीनं, एकाच क्रमानं,
कारण रात्री सगळ्यांनी ते मोबाइलवरूनच उतरवलं होतं.
सरांनी सगळ्यांना दहापैकी सात दिले.

खरं बोलणं मधल्या सुट्टीत झालं, सायकल स्टँडपाशी.
मन्मथ म्हणाला, डब्यात टाकला की बरं वाटतंय बे,
पाच तास कुणी ‘काय करलालास’ म्हणून विचारत नाही.
शिवलीला म्हणाली, मला नाही बाई.
सारखं वाटतं मांडीवर काहीतरी थरथरलं
आणि बघावं तर नुसती मांडी.
नाझिमा डबा खात होती. तिला कुणी विचारलं नाही.

मंगळवारी, भूमितीच्या तासाला, डबा बोलला.
आधी एक घरघर. मग दुसरी.
मग पत्रा असा थडथडला
की सरांच्या हातातली जीवा वर्तुळाबाहेर गेली.
सतरा डब्यात, एक ओमप्रकाशच्या खिशात,
निरोप एकच, न बघता सगळ्यांना कळलेला:
नळ आला.
अकराव्या दिवशी.

सरांचाही होता आत, नियम सगळ्यांना सारखा म्हणून.
तो वाजला सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत लांब.
सर ओमप्रकाशच्या खिशाकडे न बघता
फळ्याकडे बघत राहिले.
फळ्यावर त्यांच्याच अक्षरात होतं: सिद्ध करा.

“ज्याच्या घरी आत्ता कुणी नाही, हात वर.”
तेवीस हात.
चोविसावा सरांचा, खडूसकट.

पाच मिनिटं डबा उघडा.
कुणी आत्याला, कुणी घरमालकिणीला,
सर कुणाला तरी मोटारीचं बटण कुठंय ते समजावून सांगत होते, दोनदा.
मन्मथनं आपला माझ्यापुढे धरला. घे की, लाव.
मी शेजारच्या पारूकाकूचा नंबर दाबला,
दहाच्या दहा आकडे, न थांबता,
तर तो बघतच राहिला, जणू मी पाढा उलटा म्हटला.
“पाठ आहे तुला?”
त्याला त्याच्या आईचाही पाठ नव्हता.
काकू म्हणाली, तुमच्या घागरी लावल्यात, आता बॅरल भरलालंय,
पर शाळेत फोन चालतो होय गं?
मी म्हटलं, नाही चालत.

मग परत घेतले. मोजले.
एकोणीस हवेत, अठराच.
डबा जरा हातात तोलला, वजनावरूनच कळलं कुणाचा नाही.
शेवटच्या बाकावर नाझिमा प्रमेयात मान घालून बसलेली,
ओढणीखाली अंगठा बटणं दाबत होता, न बघता,
आणि ती हसत होती,
जूनपासून पहिल्यांदाच.

“सगळे आले?” सरांनी विचारलं.
झाकण एका बाजूनं चेपलंय, जोर लावावा लागतो.
मी लावला.
सगळे, म्हटलं.